चाक-तबकडीचे संकलन यंत्र: मापे, जुळवणी आणि वर्गातला वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला गणित शिकवणाऱ्या मॅडम विचारतात : मुले सूत्र लावून इंटिग्रेशनची गणिते भराभर सोडवतात, पण आलेखाखालच्या क्षेत्रफळाचा आणि उताराचा एकमेकांशी संबंध काय, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मुलांनी स्वतःच्या हाताने चालवावे असे एखादे यांत्रिक साधन आपल्याकडच्या लेथवर बनवून घेता येईल का? मापे, सुटे भाग आणि कुठे बिघडते तेही सांगा.

मॅडम, नक्की बनवता येईल. त्यासाठी चाक-तबकडीचे संकलन यंत्र बनवा. क्षेत्रफळ मोजायला प्लॅनिमीटरही चालतो आणि तो बनवायला सोपाही आहे, पण त्यात आकृतीभोवती एक फेरी पूर्ण केल्यावर शेवटी एक आकडा हाती येतो. तो आकडा का आला, हे मुलांना दिसत नाही. चाक-तबकडीच्या यंत्रात आलेखावरून दर्शक (वक्रावर धरायची खूण) पुढे जात असताना क्षेत्रफळ साठत जाते ते डोळ्यांसमोर, आणि आलेख जितका उंच तितके चाक वेगाने फिरते. चाक आत्ता किती वेगाने फिरते आहे, ही आलेखाची उंची. चाक एकूण किती फिरले, हे क्षेत्रफळ. कलनाचा मूलभूत सिद्धांत एवढाच आहे आणि तो एकाच चाकावर दिसतो. म्हणून यंत्र पेटीत बंद करू नका. सगळे भाग उघडे दिसले पाहिजेत.

तत्त्व असे. एक आडवी तबकडी उभ्या अक्षावर फिरते. तिच्यावर एक उभे चाक टेकलेले आहे. चाकाचा आस तबकडीच्या त्रिज्येच्या दिशेने आहे आणि चाक त्या त्रिज्येवर पुढेमागे सरकवता येते. केंद्रापासून चाकाचे अंतर म्हणजे य. तबकडी थोडीशी फिरली की चाकाखालून य गुणिले तो कोन एवढ्या लांबीचा पृष्ठभाग जातो आणि चाक तेवढेच घरंगळते. तबकडीचे फिरणे क्ष-दिशेच्या सरकण्याला जोडले, की चाकाचे एकूण फिरणे हे य गुणिले क्ष मधला बारीक बदल यांच्या बेरजेच्या प्रमाणात येते. चाक केंद्राच्या पलीकडे गेले की उलटे फिरते, म्हणजे ऋण क्षेत्रफळ आपोआप वजा होते. जेम्स थॉमसन यांनी १८७६ साली याच जातीचे, तबकडी आणि गोळा वापरणारे यंत्र मांडले. त्यांचे भाऊ लॉर्ड केल्विन यांनी भरती-ओहोटीच्या नोंदींचे पृथक्करण करायला ते वापरले. व्हॅनेवार बुश यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत १९३१ मध्ये उभारलेल्या डिफरन्शियल ॲनलायझरच्या, म्हणजे विकलक समीकरणे सोडवणाऱ्या यंत्राच्या, मुळाशीही चाक आणि तबकडीच होती.

आता मापे. ती एकमेकांना बांधलेली असतात, म्हणून आधी हिशेब पाहा. तबकडीच्या खाली, त्याच अक्षावर, एक ड्रम असतो आणि आलेखाचा कागद लावलेला पाट सरकला की दोरीने तो ड्रम फिरतो. ड्रमची त्रिज्या आणि चाकाचा परीघ यांचा गुणाकार म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोजले जाणारे क्षेत्रफळ. चाक ५० मिमी व्यासाचे घेतले तर परीघ १५७.०८ मिमी. ड्रमची त्रिज्या ३१.८३ मिमी ठेवली तर गुणाकार बरोबर ५,००० चौ. मिमी, म्हणजे ५० चौ. सेंमी. चाकाला १०० भाग केले की एक भाग म्हणजे अर्धा चौ. सेंमी. मुलांना तोंडी हिशेब करता येतो, हा या मापाचा मोठा फायदा. ड्रमची ही त्रिज्या दोरीच्या मध्यापर्यंतची आहे हे टर्नरला आवर्जून सांगा. दोरी अर्ध्या मिमीची असेल तर ड्रमचा स्वतःचा व्यास ६३.१६ मिमी हवा, ६३.६६ नव्हे. क्ष-दिशेला ३०० मिमी आणि य-दिशेला वर-खाली १०० मिमी एवढी चाल ठेवा. मग तबकडी एकूण साधारण दीड फेरा फिरते, आणि सगळ्यात मोठे क्षेत्रफळ, म्हणजे ३०० चौ. सेंमी, चाकाच्या सहा फेऱ्यांत मावते.

तबकडीला ६ मिमी जाडीची साधी फ्लोट काच घ्या, २५० मिमी व्यासाची. काचवाल्याकडून कडा घासून घ्या. केंद्रात भोक पाडू देऊ नका. चाकाला केंद्रावरून पलीकडे जायचे आहे, त्यामुळे तिथे भोक, नट, स्क्रूचे डोके असे काहीही चालत नाही. काच थोडी अंडाकार कापली गेली किंवा मध्यापासून दोन मिमी बाजूला बसली, तरी मोजमापाला काही फरक पडत नाही. अंतर मोजले जाते ते काचेच्या मध्यापासून नव्हे, फिरण्याच्या अक्षापासून. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला टर्नर तुम्हाला ॲल्युमिनियमची तबकडी सुचवेल, कारण ती त्याच्या मशीनवर होते. ती टाळा. फेसिंग करताना, म्हणजे सपाट बाजू कातताना, लेथच्या टूलची बारीक सर्पिल रेघ केंद्रापासून कडेपर्यंत उमटते. चाक त्या रेघेत अडकते, आडवे सरकताना खटके खाते आणि रेघेच्या दिशेने ओढले जाते. ॲल्युमिनियमच घ्यायचे असेल, तर सपाट काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून ती रेघ पूर्ण जाईपर्यंत घासावे लागते.

गुळगुळीत काचेवर चाक घसरते, हे खरे. त्यासाठी काचेची वरची बाजू ४०० नंबरच्या कार्बोरंडम पावडरीने पाणी टाकून घासा. हातात काचेचाच एक लहान तुकडा धरून, आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या घेत घासायचे. सगळीकडे सारखा दुधी रंग आला की झाले. कुठे चमकदार ठिपका उरला तर चाक नेमके तिथे घसरते.

काच खालच्या हबवर बसवताना तीन स्क्रूंची रचना करा. शाफ्टवर एक फ्लँज (गोल चकती) घट्ट बसलेला, त्याच्यावर दुसरा १०० मिमीचा फ्लँज, दोघांमध्ये १२० अंशांवर तीन एम-४ स्क्रू आणि प्रत्येकावर एक छोटी स्प्रिंग. वरच्या फ्लँजला काच सावकाश सुकणाऱ्या अॅराल्डाइटच्या तीन ठिपक्यांनी चिकटवा. संपूर्ण पृष्ठभागाला लावू नका, ऊन-थंडीत फ्लँजचे ॲल्युमिनियम काचेपेक्षा जास्त फुगते-आकसते. मग तबकडी फिरवत तीन स्क्रू कमी-जास्त करून काच सपाट फिरेल असे पाहा. कडेला ०.१ मिमीपेक्षा जास्त वर-खाली नको. डायल गेज नसेल तर काचेच्या कडेजवळ एक खिळा पक्का धरून मधल्या फटीत कागद सरकवून पाहिले तरी चालते. शाफ्ट १२ मिमी, त्याला ६२०१ नंबरची दोन बेअरिंगे, एकमेकांपासून किमान ६० मिमी अंतरावर.

सगळ्यात जास्त काळजी चाकाची. साहित्य माइल्ड स्टील किंवा ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद) चालेल. जाडी ४ मिमी, पण कडेकडे निमुळते करत दीड मिमी आणू द्या आणि टोक गोलसर ठेवा. कडेवर रबराची ओ-रिंग चढवायची कल्पना जवळजवळ प्रत्येकाला सुचते. पकड वाढेल असे वाटते, पण रबर दाबले जाते, त्यामुळे चाकाची खरी त्रिज्या दाबाप्रमाणे बदलते. शिवाय चाक त्रिज्येवर सरकवताना रबर आधी वाकते, मग उडी मारते आणि प्रत्येक उडीला आकडा थोडा हलतो. रुंद सपाट कडेचेही तसेच. नऊ मिमी रुंद कडेच्या आतल्या बाजूखाली तबकडी हळू आणि बाहेरच्या बाजूखाली वेगात जाते, मग चाकाने नक्की कोणाचे ऐकायचे? केंद्राजवळ हा गोंधळ सगळ्यात जास्त. म्हणून कड अरुंद, पण धारदार नको. धार काचेवर ओरखडे काढते.

चाक ५ मिमीच्या शाफ्टवर आधी घट्ट बसवून घ्या आणि शाफ्टसह दोन सेंटरमध्ये धरूनच बाहेरचा व्यास शेवटचा टर्न करा. चाक वेगळे टर्न करून नंतर शाफ्टवर चढवले, तर बोअरमधला फरक जसाच्या तसा डगमगण्यात उतरतो. शाफ्टला ६२५ नंबरची दोन बेअरिंगे. ती नवी असताना ग्रीसमुळे जड फिरतात. रॉकेलमध्ये धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. फुंकर मारल्यावर चाक फिरत राहिले पाहिजे. बेअरिंगचा हा जडपणा आणि चाकाचे घसरणे या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. बेअरिंग जितके जड, तितके चाक मागे राहते.

चाकाशेजारी, त्याच शाफ्टवर, ४४ मिमी व्यासाचा हलका नायलॉनचा ड्रम बसवा आणि त्यावर १०० भागांची छापील पट्टी चिकटवा. पट्टीची लांबी १३८.२ मिमी. हा ड्रम ५० मिमीपेक्षा लहानच हवा, नाहीतर तो काचेला लागतो. शून्यावर लाल रेघ मारा. पूर्ण फेरे मुले तोंडाने मोजतात. त्यासाठी वेगळा काउंटर जोडू नका, त्याचा भार चाकाला झेपत नाही.

एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला दर्शक अशी एक सरकती पट्टी असते, म्हणून दर्शक जेवढा वर-खाली जातो तेवढेच चाक त्रिज्येवर सरकते. चाकाची चौकट या सरकत्या पट्टीला बिजागरीने लटकवा, म्हणजे चाक स्वतःच्या वजनाने काचेवर टेकेल. बिजागरीचा आस चाकाच्या आसाला समांतर ठेवा, नाहीतर चाक वर-खाली होताना कलते. बाजारातली दाराची बिजागरी इथे चालत नाही, तिच्यात खेळ असतो. चौकट दोन टोकदार स्क्रूंमध्ये धरा आणि स्क्रू खेळ जाईपर्यंतच आवळा. काचेवर एकूण भार १५० ग्रॅमच्या आसपास असू द्या. चाक स्वतः साधारण ६० ग्रॅमचे होते, ड्रम आणि चौकट धरून कमी पडेल तेवढे वजन वर ठेवा. भार कमी असेल तर चाक घसरते आणि फार वाढवला तर आडवे सरकताना खरवडते.

पाट आणि दोरी. पाया १९ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायचा, ८०० बाय ७०० मिमी. एमडीएफ घेऊ नका. कराड-साताऱ्याच्या पावसाळ्यात ते कडेने फुगते आणि सगळी जुळवणी हलते. आलेखाचा पाट ४५० बाय ३०० मिमी, तबकडीच्या पुढे. तबकडीच्या अक्षापासून कागदावरच्या क्ष-अक्षापर्यंत ३०० मिमी अंतर ठेवले, तर पाट आणि काच यांच्यात २५ मिमी फट राहते. पाट सरकवायला एका बाजूला १२ मिमीचा गुळगुळीत रॉड आणि त्यावर एलएम-१२-यूयू जातीची दोन लिनिअर बेअरिंगे, दुसऱ्या बाजूला सपाट पट्टीवर फिरणारे एकच साधे बेअरिंग. दोन्ही बाजूंना रॉड टाकले की रचना मजबूत होईल असे वाटते. होते उलट. दोन रॉड अर्धा मिमीसुद्धा समांतर नसले तरी पाट मधेच जाम होतो. ड्रॉवरचे चॅनल स्वस्त पडतात, पण त्यांचा आडवा खेळ थेट आलेखावर येतो.

दोरीची रचना ताक घुसळायच्या रवीसारखी : पाटाच्या मागे, क्ष-दिशेला समांतर, ४२० मिमी लांबीची एक पट्टी पक्की करा. तिच्या दोन टोकांना दोरी ताणलेली आणि मधे ड्रमला तीन वेढे. पाट सरकतो, पट्टी सरकते, ड्रम फिरतो. मधला वेढा एका बारीक स्क्रूने ड्रमला अडकवून टाका, म्हणजे दोरी घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. ड्रमची रुंदी १२ मिमी आणि पृष्ठभाग सपाट ठेवा. खाच असेल तर वेढे एकमेकांवर चढतात आणि त्रिज्या बदलते. पट्टी काचेच्या खालून जाते, तेव्हा काच आणि पाया यांच्यात तेवढी उंची आधीच ठेवा. सुती दोरा ताणतो, साधी नायलॉनची तंगूसही ताणते. मासेमारीची विणलेली बारीक दोरी उत्तम. तंबोऱ्याची पोलादी तार ताणत नाही, पण वेढा सैल झाला की उसळून सुटते, म्हणून मुलांच्या हातात नको. ताण द्यायला मात्र सतारीची लाकडी खुंटी फार सोयीची. मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांकडे ती सुटी मिळते, आणि भोकही त्यांच्याच रीमरने पाडून घ्या, म्हणजे उतार जुळतो. खुंटी सरकू लागली तर तिला खडू चोळावा.

पाट सरकवला की चाक हवे त्याच्या उलट दिशेने फिरते असे आढळले, तर दोरी ड्रमच्या दुसऱ्या बाजूने घ्या. एवढाच उपाय.

सरकती पट्टी पाटाच्या दिशेशी काटकोनात, दोन खांबांवर ठेवलेल्या ६५० मिमीच्या १२ मिमी रॉडवर चालते. तिच्यावरही दोन लिनिअर बेअरिंगे, एकमेकांपासून १५० मिमी दूर, आणि ती गोल फिरू नये म्हणून बाजूच्या पट्टीवर एक छोटे बेअरिंग. मागच्या टोकाला चाक, पुढच्या टोकाला दर्शक. दर्शक म्हणून पेन्सिल किंवा सुई लावू नका. ३ मिमी ॲक्रिलिकच्या तुकड्याच्या खालच्या बाजूला बारीक फुली कोरून तिच्यात शाई भरा. फुली कागदाला टेकलेली असली, की कोणत्याही कोनातून पाहिले तरी ती एकाच ठिकाणी दिसते. दर्शकाला लांबट भोकात दोन स्क्रू द्या, पुढे-मागे ५ मिमी हलवता येईल असे.

आता जुळवणी. क्रम बदलू नका.

पहिली गोष्ट, पाट स्थिर ठेवून सरकती पट्टी पूर्ण २०० मिमी हलवा. दर्शकाची फुली ग्राफ पेपरच्या उभ्या रेघेवरूनच गेली पाहिजे. त्याच वेळी चाकाकडे पाहा. ते फिरता कामा नये. फिरले तर चाकाचा आस रॉडला समांतर नाही. एक अंशाचा तिरकेपणा असला तर १०० मिमी सरकण्यात चाक पावणेदोन मिमी घरंगळते, म्हणजे एक भाग आणि वर थोडे. पूर्ण चालीत अर्ध्या भागाहून कमी हालचाल येईपर्यंत चौकट जुळवा.

दुसरे, चाक केंद्रावर आणून पाट इकडून तिकडे सरकवा. चाक अजिबात फिरणार नाही अशी जागा शोधा. ती सापडली की पट्टी तिथेच धरून दर्शकाची फुली क्ष-अक्षावर आणा आणि स्क्रू आवळा. हे शून्य अर्ध्या मिमीने चुकले, तर २०० मिमीच्या चालीत १ चौ. सेंमीची, म्हणजे दोन भागांची चूक येते. आलेख कुठलाही असो, ती तेवढीच असते.

तिसरे, चाक ज्या रेषेवरून सरकते ती रेषा अक्षाच्या बरोबर वरून गेली पाहिजे. ती बाजूला असेल तर घरंगळण्याच्या हिशेबात फरक पडत नाही, कारण चाकाच्या दिशेचा वेग फक्त य वर ठरतो. पण चाकाला सतत आडवे घासत राहावे लागते, पकड सुटते आणि य लहान असताना आकडा हेलकावे खातो. अर्ध्या मिमीच्या आत आणले की पुरे.

मग कसोटी. २० सेंमी लांब आणि ५ सेंमी उंच आयत काढा. क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी, चाकाचे बरोबर दोन फेरे, २०० भाग. हाच आयत क्ष-अक्षाच्या खालीही काढून तपासा. वर २०२ आणि खाली उणे १९८ आले, तर शून्य अर्ध्या मिमीने सरकले आहे. दोन्हीकडे १९७ आले, तर एकतर चाक घसरते आहे किंवा व्यास मापात नाही. यातले कोणते, हे ठरवायला पाट अगदी सावकाश सरकवा आणि मग भरभर. वेगाने आकडा बदलला तर घसरण आहे : काच स्पिरिटने पुसा, बेअरिंग धुवा, भार थोडा वाढवा. आकडा दोन्ही वेळा तोच राहिला तर मापाचा फरक आहे. तेव्हा चाक पुन्हा टर्न करत बसू नका. १०० भागिले १९७, म्हणजे एका भागाला ०.५०८ चौ. सेंमी, असे यंत्रावर लिहून टाका. घसरण मात्र अशा गुणकाने कधीही झाकू नका, ती रोज वेगळी असते. काचेला बोटे लागू न देण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा. हाताचा तेलकटपणा हे घसरणीचे सगळ्यात नेहमीचे कारण आहे. पावसाळ्यात कागद ओलाव्याने किंचित वाढतो, म्हणून कसोटीचा आयत आणि त्या दिवसाचा आलेख एकाच गठ्ठ्यातल्या ग्राफ पेपरवर काढा.

वर्गात दोन मुलांनी मिळून चालवावे. एकाने पाट सरकवायचा, दुसऱ्याने दर्शक आलेखावर ठेवायचा. ३० सेंमीला अर्धा मिनिट लागला तरी हरकत नाही.

सुरुवात आलेखाशिवाय करा. पाट स्थिर, य हवे तेवढे वर-खाली : चाक ढिम्म. उभ्या रेषेखाली क्षेत्रफळ नसते. मग य शून्य आणि पाट सरकवा : पुन्हा ढिम्म. मग य २ सेंमीवर ठेवा, पाट एकसारखा सरकवा. मग ४ सेंमीवर, त्याच वेगाने. चाक दुप्पट वेगाने फिरते, हे मुलांना मोजायच्या आधी दिसते. इथेच थांबून विचारा, की चाकाचा वेग कोण ठरवते. उत्तर मुलांकडूनच येऊ द्या, फळ्यावर अजून काही लिहू नका.

त्यानंतर य = क्ष²/४० हा परवलय घ्या, क्ष शून्यापासून २० सेंमीपर्यंत. शेवटी क्षेत्रफळ ६६.६७ चौ. सेंमी, म्हणजे १३३ भागांच्या आसपास यायला हवे. पण शेवटच्या आकड्यासाठी घाई करू नका. दर २ सेंमीला थांबून चाकाचा आकडा लिहून घ्या आणि त्या आकड्यांचा दुसरा आलेख काढा, १० चौ. सेंमीला १ सेंमी या प्रमाणात. या दुसऱ्या वक्राचा उतार मुलांनी मोजायचा. उदाहरणार्थ क्ष १४ ला आकडा ४६ च्या जवळ येतो आणि १८ ला ९७ च्या जवळ. फरक ५१ भाग, म्हणजे साडेपंचवीस चौ. सेंमी, भागिले ४ सेंमी : ६.३८. मूळ परवलयाची क्ष १६ ला उंची किती? ६.४. हा आकडा मुलाने स्वतः काढला, की फळ्यावरची सिद्धता त्याला त्यानंतर परकी वाटत नाही.

उतार आरशानेही मोजता येतो, आणि मुलांना तो प्रकार फार आवडतो. छोटा सपाट आरसा कागदावर उभा धरून वक्रावर आडवा ठेवा आणि फिरवत राहा. वक्र आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात कुठेही कोपरा न दिसता रेघ सलग वाटली, की आरशाची कड म्हणजे त्या बिंदूतला अभिलंब. तिच्याशी काटकोनात स्पर्शिका. दुसऱ्या आलेखावर क्ष १६ ला हा कोन ३२ ते ३३ अंश येतो. टॅनजंट ०.६४, प्रमाणामुळे दहाने गुणायचे, पुन्हा ६.४.

अधिक स्थिरांक सी हा सूत्राच्या शेवटी चिकटवायचा एक उपचार, असे बहुतेक मुलांना वाटते. तो समजवायला एक कृती पुरते. चाक किंचित उचलून ड्रम ४० भागांवर आणा आणि त्याच परवलयावरून पुन्हा जा. दुसरा वक्र तोच, फक्त २० चौ. सेंमी वर उचललेला. प्रत्येक ठिकाणी उतार जसाच्या तसा. यंत्राला सुरुवातीचा आकडा सांगावाच लागतो, तो आलेखात नसतो.

ऋण भागासाठी सायन वक्र घ्या : ६ सेंमी उंचीचा, १५ सेंमीची पहिली कमान आणि १५ सेंमीची दुसरी. पहिल्या कमानीखाली ५७.३ चौ. सेंमी, म्हणजे साधारण ११५ भाग, आणि दुसरी पूर्ण झाली की पुन्हा शून्य. शून्यावर परत आलेले चाक ही एक झटपट कसोटी, पण दोन्ही कमानींत सारखीच झालेली घसरण तिच्यात दिसत नाही. पूर्ण लहरीनंतर दोन भागांपेक्षा जास्त फरक उरला, तर आधी काच पुसा, मग शून्याची जुळवणी पाहा.

आता कराडला शोभेल असे उदाहरण. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये आणि साठा टीएमसीमध्ये रोज कानावर पडतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूट, टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. विसर्गाचा आलेख काढला की त्याखालचे क्षेत्रफळ हे नदीत सोडलेले एकूण पाणी. प्रमाण असे ठेवा : उभे १ सेंमी म्हणजे १०,००० क्युसेक, आडवे १ सेंमी म्हणजे १२ तास. मग १ चौ. सेंमी म्हणजे ०.४३२ टीएमसी. सरावासाठी एक कल्पित आलेख घ्या : एका दिवसात विसर्ग शून्यापासून ५०,००० पर्यंत चढला, तीन दिवस तेवढाच राहिला, पुढच्या दोन दिवसांत शून्यावर उतरला. क्षेत्रफळ ४५ चौ. सेंमी, चाकाचे ९० भाग, पाणी १९.४४ टीएमसी. मुलांनी हे समलंब चौकोनाच्या सूत्राने आधी काढावे, मग यंत्राने. एकदा विश्वास बसला की खरे, वेडेवाकडे आकडे घ्या, तिथे सूत्र नसते.

याहून मोलाचा आहे आवक वजा विसर्ग यांचा आलेख. चाकाचा आकडा म्हणजे धरणातल्या साठ्यात पडलेली भर. धरा की हा फरक चार दिवसांत अधिक ४०,००० पासून उणे ४०,००० पर्यंत सरळ रेषेत उतरला. दर्शक खाली येत असतानाही चाक पुढेच फिरत राहते, फक्त मंदावते. दोन दिवसांनी दर्शक क्ष-अक्षावर येतो, चाक क्षणभर थांबते, आकडा १६ भाग, म्हणजे साठ्यात ३.४६ टीएमसीची भर. त्यानंतर चाक उलटे फिरू लागते आणि चौथ्या दिवसाअखेर शून्यावर येते. ‘आवक घटली म्हणजे साठा घटला’ असे म्हणणारे खूप भेटतात. मुले ते इथे स्वतः खोडून काढतात : आवक घटत असतानाही ती विसर्गापेक्षा जास्त आहे तोवर साठा वाढतच असतो, आणि साठा सर्वाधिक होतो तो दोन्ही सारखे होतात त्या क्षणी. विकलन धनावरून शून्यातून ऋणाकडे जाते तिथे महत्तम, हा नियम पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा इथे चटकन पटतो, कारण चाक थांबलेले दिसते.

शेवटी, चाकाला पेन जोडून दुसरा वक्र आपोआप काढता येईल का, असे मुले विचारणारच. सरळ जोडले तर नाही. चाकाला मिळणारा जोर फक्त काचेवरच्या घर्षणाचा. पेनची ओढ लागली की ते घसरते. बुश यांच्या यंत्रात म्हणूनच चाकाच्या मागे जोर वाढवणारी वेगळी मोटरवर चालणारी रचना होती. डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मँचेस्टरला १९३४ मध्ये मेकॅनो खेळण्याच्या सुट्या भागांतून असे यंत्र उभे केले, त्यातही ती होती. उत्साही मुले असतील तर स्टेपर मोटर आणि चाकाचा कोन ओळखणारा, चाकाला न लागणारा चुंबकी सेन्सर यांनी ते जमते. शाफ्टच्या टोकाला छोटे चुंबक, समोर दोन-एक मिमी फट सोडून सेन्सर, आणि मोटर पेनला तेवढेच सरकवते. पण हे दुसऱ्या वर्षी करा. पहिल्या वर्षी आकडे लिहून वक्र हातानेच काढू द्या.